स्कॅनची जुळवणी : बारा आकड्यांची फाइल कशी तपासावी

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. आपल्या जिल्ह्याच्या या सहाही तालुक्यांतून कॅन्सरचे रुग्ण नागपूरला नाहीतर मुंबईला जातात. खर्रा आणि तंबाखूने आपल्या वस्त्यांतली किती तोंडे बंद केली, हे इथे वेगळे सांगायला नको. रुग्णासोबत एक प्लास्टिकची थैली असते. त्यात जवळच्या शहरात काढलेला सीटी स्कॅन, मोठ्या शहरात काढलेला एमआरआय आणि कधी तिसऱ्याच ठिकाणी काढलेला पेट स्कॅन असतो.

हे सगळे फोटो एकाच माणसाचे असले तरी दिवस वेगळा, मशीन वेगळे आणि मान ठेवण्याची तऱ्हाही वेगळी. गाठ एमआरआयमध्ये नीट दिसते, पण किरणांचा हिशेब सीटीवर करावा लागतो. म्हणून एमआरआय सीटीवर अचूक बसवावा लागतो. हे काम संगणक करतो. त्याने एमआरआय किती सरकवला, किती फिरवला, किती ताणला याची नोंद तो एका छोट्या फाइलमध्ये ठेवतो. तिला ट्रान्सफॉर्मेशन फाइल म्हणतात. आपण तिला ‘जुळवणीची फाइल’ म्हणू.

हा विषय आरोग्याच्या पानावर कशाला, असे कोणी विचारेल. याची दोन कारणे आहेत. पहिले असे की या फाइलमधल्या आकड्यांच्या भरवशावर किरण कुठे पडणार हे ठरते, आणि ते अंग आपल्या माणसाचे असते. दुसरे असे की आपली मुले-मुली आता रेडिओलॉजी टेक्निशियन, बी.एस्सी., इंजिनिअरिंग अशा शिक्षणाला जात आहेत. २०२४ मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. उद्या त्या खुर्चीवर आपलेच पोर बसणार आहे. मशीनने सांगितले म्हणून मान डोलवायची, की आकडा तपासायचा, हे त्याला आजच कळलेले बरे.

जुळवणी म्हणजे काय?

शेतीच्या मोजणीचे उदाहरण घ्या. गावाचा जुना नकाशा आहे आणि नवी मोजणी झाली आहे. दोन्ही कागद एकावर एक ठेवायचे तर आपण काय करतो? विहीर, बांधाचा दगड, नाल्याचे वळण अशा न हलणाऱ्या खुणा शोधतो. मग वरचा कागद सरकवतो, थोडा फिरवतो आणि खुणेवर खूण बसवतो. शरीरात कवटीचे हाड, डोळ्यांच्या खोबणी, पाठीचे मणके या अशाच खुणा आहेत.

जुळवणीचे तीन मुख्य प्रकार आहेत.

पहिला ताठ जुळवणीचा. तव्यावरची भाकरी सरकवता येते आणि फिरवता येते, पण तिचा आकार बदलत नाही. सरकवायच्या तीन दिशा आणि फिरवायच्या तीन दिशा मिळून सहा आकडे लागतात. मोठ्या माणसाची कवटी वाढत नाही की आकसत नाही, म्हणून एकाच रुग्णाच्या डोक्याचे सीटी आणि एमआरआय जुळवायला साधारणपणे हे सहा आकडे पुरतात.

दुसरा प्रकार सरकवणे, फिरवणे आणि सोबत सरसकट ताणणे किंवा तिरपे करणे. याला बारा आकडे लागतात. इंग्रजीत याला अफाइन म्हणतात.

तिसरा प्रकार कणकेच्या गोळ्यासारखा. इथे ताण द्या, तिथे दाबा. पोट, फुप्फुस, मूत्राशय, वजन उतरल्याने बारीक झालेली मान असे अवयव आकार बदलतात. त्यासाठी लाखो बिंदूंना वेगवेगळे सरकवणारी मोठी फाइल तयार होते.

फाइल उघडली की काय दिसते?

ताठ आणि अफाइन प्रकारच्या बऱ्याच फाइली साध्या मजकुराच्या असतात. नोटपॅडमध्ये उघडतात. आयटीके नावाच्या मोफत प्रणालीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची ‘टीएफएम’ शेपटीची फाइल उघडली तर वर प्रकाराचे नाव, खाली ‘पॅरामीटर्स’ म्हणून बारा आकडे आणि त्याखाली ‘फिक्स्ड पॅरामीटर्स’ म्हणून तीन आकडे दिसतात. इलास्टिक्स नावाच्या प्रणालीची फाइल जास्त बोलकी असते. त्यात फिरण्याचा मध्य, चित्राचा आकार, ठिपक्यांमधले अंतर, आधी दुसरी फाइल लावायची आहे का, हेही लिहिलेले असते. ऑक्सफर्डच्या एफएसएलची फाइल मात्र नुसते चार ओळींचे आकडे देते. कोणते चित्र कोणत्या चित्रावर बसवले, हे त्यात लिहिलेले नसते. ‘मॅट’ शेपटीच्या काही फाइली नोटपॅडमध्ये उघडत नाहीत. त्या थ्रीडी स्लायसर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहाव्या. रुग्णालयांच्या डायकॉम पद्धतीतही जुळवणीसाठी वेगळी नोंद असते, आणि तिच्या आत हेच आकडे चार-चारच्या चौकटीत मांडलेले असतात.

बारा आकडे तीन ओळींत मांडले की असे दिसतात :

१   ०   ०   ५
०   १   ०   −३
०   ०   १   १२

प्रत्येक ओळीतले पहिले तीन आकडे फिरवणे आणि ताणणे सांगतात. शेवटचा आकडा किती मिलिमीटर सरकवले ते सांगतो. इथे काहीही फिरवलेले नाही. फक्त एका दिशेने ५, दुसऱ्या दिशेने उलट ३ आणि तिसऱ्या दिशेने १२ मिलिमीटर सरकवले आहे. एकूण अंतर काढायचे तर वर्गांची बेरीज करा : २५ अधिक ९ अधिक १४४, म्हणजे १७८. त्याचे वर्गमूळ साधारण १३.३. म्हणजे चित्र सव्वा सेंटिमीटरहून थोडे जास्त हलले.

डोके १० अंशांनी फिरलेले असेल तर आकडे असे येतील :

०.९८५   −०.१७४   ०
०.१७४    ०.९८५   ०
०        ०       १

तपासायच्या सात गोष्टी

एक, माणूस तोच आहे का? फाइलसोबतच्या दोन्ही स्कॅनवरचा रुग्ण क्रमांक, जन्मतारीख आणि स्कॅनची तारीख पाहा. आपल्याकडे आधारवर एक नाव, रेशन कार्डावर दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरे असते. आडनाव गावावरून, नाव लाडाचे. त्यामुळे एकाच बाईच्या दोन नोंदी होतात, किंवा सारख्या नावाच्या दोघींची नोंद एक होते. जुळवणीचे गणित कितीही सुरेख असले तरी स्कॅनच दुसऱ्या माणसाचा असेल तर सगळे व्यर्थ.

दोन, जुळवणी खरोखर झाली आहे का? तिरप्या रेषेत तीन वेळा १ आणि बाकी सगळीकडे शून्य असेल, तर संगणकाने काहीच हलवलेले नाही. पेट-सीटीसारख्या एकाच मशीनवर एकाच झोपण्यात काढलेल्या स्कॅनमध्ये हे चालू शकते. दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या मशीनवर काढलेल्या स्कॅनमध्ये असे दिसले तर थांबा. बहुधा जुळवणी चाललीच नाही, किंवा रिकामी फाइल जतन झाली.

तीन, दिशा कोणती? वाशीमहून निघून जिथे डावीकडे वळता, तिथे परतताना उजवीकडे वळावे लागते. फाइलचेही तसेच आहे. आयटीकेची फाइल स्थिर चित्रातला बिंदू हलत्या चित्रात कुठे सापडेल ते सांगते. एफएसएलची फाइल उलट, हलत्या चित्राकडून स्थिर चित्राकडे जाते. एका सॉफ्टवेअरची फाइल दुसऱ्यात तशीच घातली तर चित्र जवळ येण्याऐवजी दुप्पट लांब जाते. अशा वेळी फाइलचा व्यस्त घ्यावा लागतो.

चार, डावे-उजवे. हा सगळ्यात धोक्याचा मुद्दा. डायकॉम आणि आयटीकेमध्ये आकडे रुग्णाच्या डावीकडे, पाठीकडे आणि डोक्याकडे वाढतात. याला एलपीएस म्हणतात. स्लायसरच्या पडद्यावर ते उजवीकडे, पोटाकडे आणि डोक्याकडे वाढतात. याला आरएएस म्हणतात. म्हणून एकच सरकवणे एलपीएसमध्ये ५ आणि −३ दिसेल, आरएएसमध्ये −५ आणि ३ दिसेल. दोन्ही बरोबर आहेत. पण कोणी हाताने आकडे उतरवताना हे विसरला, तर ५ मिलिमीटर डावीकडे जायचे ते ५ मिलिमीटर उजवीकडे जाईल. चूक ५ ची राहत नाही, १० मिलिमीटरची होते.

पाच, एकक. सरकवण्याचे आकडे मिलिमीटरमध्ये आहेत की सेंटिमीटरमध्ये? इथे चूक झाली तर ती दहापट. फिरवण्याचा आकडा अंशात आहे की रेडियनमध्ये? इलास्टिक्सच्या सहा आकड्यांच्या फाइलमध्ये कोन रेडियनमध्ये असतो. तिथे ०.१७ दिसले तर ते पाव अंशाहून कमी समजू नका. ते जवळजवळ १० अंश आहेत.

सहा, आकार बदलला का? दहावीच्या गणितात क्रेमरच्या पद्धतीसाठी निश्चयक शिकवतात. तोच इथे कामाला येतो. डावीकडच्या नऊ आकड्यांचा निश्चयक काढा. ताठ जुळवणीत तो १ यायलाच हवा. प्रत्येक ओळीतल्या तीन आकड्यांच्या वर्गांची बेरीजही १ यायला हवी. वरच्या उदाहरणात ०.९८५ चा वर्ग ०.९७० आणि ०.१७४ चा वर्ग ०.०३०, बेरीज १. तिरप्या रेषेत तिन्ही ठिकाणी १.१ असेल तर डोके प्रत्येक बाजूने दहा टक्के मोठे केले गेले, आणि निश्चयक १.३३ येईल. म्हणजे घनफळ तिसऱ्या हिश्श्याने वाढले. मोठ्या माणसाचे डोके दोन आठवड्यांत असे वाढत नाही. निश्चयक उणे आला तर चित्र आरशातल्यासारखे उलटले आहे. उजव्या गालाची गाठ डाव्या गालावर गेली. अशी फाइल एक क्षणही वापरू नये.

सात, मध्य आणि क्रम. फिरवायचे ते कशाभोवती? जात्याचा खुंटा जिथे असेल तिथून फिरणे ठरते. मध्यापासून १० सेंटिमीटर लांबचा बिंदू फक्त १ अंश फिरला तरी पावणेदोन मिलिमीटर सरकतो, आणि १० अंश फिरला तर सुमारे १७ मिलिमीटर. आयटीकेच्या फाइलमधले ते वेगळे तीन आकडे हाच मध्य सांगतात. ते गाळून फक्त बारा आकडे उतरवले तर जुळवणी बिघडते. क्रमाचेही तसेच. घराबाहेर पडून आधी पाच पावले चाला आणि मग वळा, किंवा आधी वळा आणि मग पाच पावले चाला. पोहोचाल वेगळ्या दारात. म्हणून दोन-तीन फाइली असतील तर कोणती आधी लावायची, हे लिहिलेले असलेच पाहिजे.

कणकेसारख्या जुळवणीत काय पाहावे?

इथे बारा आकडे नसतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी किती ताण आला याचे चित्र काढतात. त्याला जेकोबियनचे चित्र म्हणतात. १ म्हणजे जागा होती तेवढीच राहिली, २ म्हणजे दुप्पट झाली, ०.५ म्हणजे अर्धी झाली. शून्य किंवा उणे आकडा आला तर कापडाला घडी पडावी तशी शरीराची घडी पडली. जिवंत शरीरात असे होत नाही, म्हणून तिथली जुळवणी खोटी.

हाडाच्या जागीही लक्ष द्या. मणका वाकडा-तिकडा ताणलेला दिसला तर संगणकाने ओढून-ताणून जुळवले आहे. आणखी एक सावधगिरी. उपचाराने गाठ खरोखर आकसली असेल, तर अशी जुळवणी नव्या गाठीला जुन्या गाठीएवढे फुगवून दाखवू शकते. चित्र सुंदर बसते आणि खरी माहिती पुसली जाते.

आकड्यांनंतर डोळे

फाइल निर्दोष दिसली तरी जुळवणी चुकलेली असू शकते. म्हणून शेवटी दोन्ही चित्रे एकावर एक ठेवून पाहावीच लागतात. बुद्धिबळाच्या पटासारखे एक घर सीटीचे, एक घर एमआरआयचे असे दाखवण्याची सोय असते. घराच्या कडेला हाडाची रेषा तुटली की समजावे, जुळवणी सरकली आहे. एकच वरवरचा काप पाहू नये. वरून, समोरून आणि बाजूने पाहावे. जिथे गाठ आहे तिथे तर नक्कीच पाहावे. कवटी बरोबर बसली म्हणून मान बसलीच असे नाही, कारण मान वेगळी वाकते.

२०१७ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने याच विषयावर १३२ क्रमांकाचा अहवाल काढला. सॉफ्टवेअर आणल्यावर त्याची चाचणी घ्या, प्रत्येक रुग्णाची जुळवणी वापरण्याआधी तपासा, आणि कोणी, कशासाठी, किती अचूक जुळवले याची लेखी नोंद ठेवा, असा त्याचा आग्रह आहे. आपल्या देशात किरणोपचार केंद्रांवर अणुऊर्जा नियामक परिषदेची देखरेख असते आणि तिथे मेडिकल फिजिसिस्ट नेमावा लागतो. ही तपासणी त्याच्या आणि डॉक्टरांच्या हातातली आहे.

नमुना कोणाच्या डोक्याचा?

जुळवणी नेहमी रुग्णाच्याच दोन स्कॅनची असते असे नाही. मेंदूच्या संशोधनात अनेक मेंदू एका नमुना-मेंदूवर बसवतात. १९८८ चा प्रसिद्ध तालेराक नकाशा युरोपातल्या एका साठ वर्षांच्या बाईच्या मेंदूवरून काढलेला होता. पुढे कॅनडातील मॉन्ट्रियलच्या संस्थेने १५२ जणांच्या स्कॅनवरून नमुना केला आणि तो जगभर चालला. २०१९ मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीने शंभर भारतीयांच्या स्कॅनवरून भारतीय मेंदूचा नमुना तयार केला. आपल्याकडचे मेंदू उंची, रुंदी आणि घनफळात पाश्चात्त्य नमुन्यापेक्षा सरासरीने लहान असल्याचे त्यात दिसले. आकाराचा बुद्धीशी संबंध जोडण्याचे कारण नाही. मुद्दा मापाचा आहे. दुसऱ्याच्या मापाचा सदरा आपल्या अंगावर बसवायचा तर जास्त ताणावे किंवा दाबावे लागते, आणि तो ताण जुळवणीच्या फाइलमध्ये दिसतो. म्हणून फाइल तपासताना विचारावे : नमुना कोणाचा, आणि त्यात आमच्यासारखी माणसे मोजली होती का?

आपण घरी काय करायचे?

रुग्णाने किंवा घरच्यांनी फाइल उघडायची नाही. पण जुळवणी चांगली व्हावी यासाठी पुढच्या गोष्टी आपल्याच हातात आहेत.

• स्कॅन काढला की फिल्मसोबत सीडी किंवा पेन ड्राइव्हमध्ये डायकॉम प्रत मागून घ्या. त्यात मिलिमीटरचे माप आणि रुग्ण कसा झोपला होता याची नोंद असते. मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो डॉक्टरांना दाखवायला ठीक, पण त्यातून माप हरवते. तो जुळवणीला चालत नाही.

• जुनी सीडी फेकू नका. पावसाळ्यात भिजणार नाही अशा डब्यात ठेवा. वर नाव, तारीख आणि अवयव लिहा.

• सगळीकडे एकच नाव सांगा, आधारवर आहे तेच. नोंदणीच्या खिडकीवर स्पेलिंग वाचून घ्या.

• कागदपत्रे मागणे हा हक्क आहे. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यास नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतात. मागणी लेखी करा आणि पोच घ्या.

• किरणोपचाराच्या वेळी तोंडावर जाळीचा मास्क बसवतात. घाबरून मान हलवू नका. त्रास झाला तर हात वर करून सांगा, पण श्वास कोंडून आणि मान ताणून राहू नका.

• कातडीवर काढलेल्या खुणा घासून पुसू नका. पुसट झाल्या तर स्वतः पेनाने गिरवू नका. तिथल्या ताई-दादांना सांगा.

• तोंड आणि मानेच्या कॅन्सरचे किरण आठवड्याला पाच दिवस असे साधारण सहा-सात आठवडे चालतात. या काळात गिळता येत नाही, वजन उतरते, मास्क सैल होतो. मास्क सैल वाटला की लगेच सांगा. कदाचित नवा स्कॅन आणि नवी जुळवणी लागेल. पेरणी-सोंगणीसाठी मधले दिवस बुडवू नका.

• फिल्म पाहताना लक्षात ठेवा : आडव्या कापाच्या चित्रात रुग्णाची उजवी बाजू बहुधा आपल्या डाव्या हाताला दिसते. कोपऱ्यातली खूण पाहून खात्री करा. कागदावर ‘उजवी’ लिहिले आहे आणि गाठ डावीकडे आहे असे वाटले, तर गप्प बसू नका. नम्रपणे, पण स्पष्ट विचारा.

• खर्चाच्या भीतीने थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे किरणोपचार आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

डॉक्टरांना एक साधा प्रश्न विचारायला हरकत नाही : “साहेब, जुना स्कॅन नव्यावर जुळवला आहे का, आणि तो कोणी तपासला?” हा प्रश्न अविश्वासाचा नाही. आपल्या बांधाची मोजणी होताना आपण उन्हात उभे राहतो, दगड कुठे रोवला ते पाहतो. आपल्या माणसाच्या अंगाची मोजणी होताना तेवढे तरी जागे राहू या. आणि वस्तीतले जे पोर बारावीला विज्ञान घेऊन बसले आहे, त्याला हे पान वाचायला द्या. निश्चयक कशाला शिकायचा, असे ते विचारत असेल, तर त्याचे उत्तर इथे आहे.